पंधरा मिनिटांचं भाषण आणि लिहून ठेवलेली चार पानं

तुमचा प्रश्न थोडक्यात मांडते. तुम्ही १२ वर्षं रक्तपेढीत तंत्रज्ञ म्हणून काम करता. पुढच्या महिन्यात सुमारे दोनशे विद्यार्थ्यांसमोर रक्तदानावर १५ मिनिटं बोलायचं आहे. चार पानांचं भाषण लिहून झालंय, पण ते पाठ होत नाहीये आणि बघून वाचायला मन घेत नाही. शिवाय माणसांसमोर उभं राहिलं की घशाला कोरड पडते, हात कापायला लागतात. पाठ करावं की वाचावं, आणि या भीतीचं काय करावं, असं तुम्ही विचारलंय.

गेली २२ वर्षं मी लोकांची भाषणाची तयारी करून घेते. त्यात डॉक्टर असतात, अभियंते असतात, संस्थांचे पदाधिकारी असतात, आयुष्यात पहिल्यांदाच माईक हातात घेणारेही असतात. बहुतेक जण पहिल्या भेटीला लिहिलेली पानं घेऊनच येतात. मी त्यांना जे सांगते तेच तुम्हाला सांगते: ती पानं बाजूला ठेवा. फाडू नका, त्यातली माहिती लागणार आहे. पण पाठ होत नाही यात तुमच्या स्मरणशक्तीचा काही दोष नाही. ती पानं डोळ्यांसाठी लिहिली गेली आहेत. डोळ्यांसाठी लिहिलेलं जिभेवर बसत नाही आणि कानातही शिरत नाही.

वाचणाऱ्याला वाक्य कळलं नाही तर तो मागे जाऊन पुन्हा वाचतो. ऐकणाऱ्याला ती सोय नाही. त्यात मराठीत क्रियापद येतं शेवटी. तुमच्या पानांवर बहुधा असं एखादं वाक्य असेल: ‘अपघातात जखमी झालेल्या, प्रसूतीच्या वेळी अतिरक्तस्राव झालेल्या, तसेच थॅलेसेमियासारख्या आजारामुळे नियमित रक्त घ्यावे लागणाऱ्या रुग्णांसाठी रक्तपेढ्यांमध्ये पुरेसा साठा सदैव उपलब्ध असणे अत्यंत आवश्यक आहे.’ कागदावर यात काही चूक नाही. पण ऐकणाऱ्याला ‘आवश्यक आहे’ येईपर्यंत ते सगळे रुग्ण डोक्यात धरून बसावं लागतं, आणि तोवर त्याचं लक्ष खिडकीबाहेर गेलेलं असतं. हेच बोलताना कसं येईल? ‘अपघात झाला, रक्त लागतं. बाळंतपणात रक्तस्राव थांबेना, रक्त लागतं. थॅलेसेमिया असलेल्या मुलाला तर दर दोन-चार आठवड्यांनी लागतं. आणि ज्या क्षणी लागतं, त्या क्षणी ते पेढीत असावं लागतं.’ चार वाक्यं झाली, प्रत्येकाला आपलं क्रियापद मिळालं, आणि ‘लागतं’ हा शब्द परत परत आल्यामुळे ऐकणाऱ्याला धरायला दोरी मिळाली. लिहिताना पुनरुक्ती खटकते. बोलताना तीच आधार देते.

म्हणून माझी पहिली आणि सर्वांत मोठी सूचना अशी, की भाषण लिहून मग बोलू नका. आधी बोला, आणि जे तोंडातून नीट आलं तेवढं टिपून ठेवा. पण त्याच्याही आधी एक काम आहे.

तुम्हाला सांगायचं काय आहे, हे एका वाक्यात सांगता आलं पाहिजे. ‘रक्तदानाचं महत्त्व’ हा विषय झाला, वाक्य झालं नाही. १९ नोव्हेंबर १८६३ रोजी गेटिसबर्गच्या युद्धभूमीवर सैनिकांच्या दफनभूमीचा समर्पण सोहळा होता. त्या दिवसाचे मुख्य वक्ते होते एडवर्ड एव्हरेट, त्या काळातले अमेरिकेतले नावाजलेले वक्ते. ते सुमारे दोन तास बोलले. त्यांच्यानंतर राष्ट्राध्यक्ष लिंकन उठले आणि जेमतेम पावणेतीनशे शब्द बोलून दोन-तीन मिनिटांत खाली बसले. दुसऱ्या दिवशी एव्हरेट यांनी लिंकनना पत्र लिहिलं. तुम्ही दोन मिनिटांत या प्रसंगाच्या गाभ्याच्या जितकं जवळ पोचलात, तितकं मी दोन तासांत पोचलो असं मला म्हणता आलं असतं तर आनंद झाला असता, असा त्याचा आशय. लोक ही गोष्ट ‘थोडक्यात बोला’ हे पटवायला सांगतात. मला त्यातला ‘गाभा’ महत्त्वाचा वाटतो. मरण पावलेल्यांचं अर्धवट राहिलेलं काम जिवंत असलेल्यांनी पुरं करायचं आहे, एवढंच लिंकन यांना सांगायचं होतं, आणि प्रत्येक वाक्य तिकडेच जात होतं.

तुमचा गाभा काय? त्यासाठी श्रोत्यांकडे बघा. अठरा-वीस वर्षांच्या मुलांना रक्तदान चांगलं असतं हे माहीत आहे. शाळेपासून त्यांनी ते ऐकलंय. ते सांगण्यात १५ मिनिटं घालवलीत तर ती वाया गेली. तुम्हाला माहीत आहे आणि त्यांना माहीत नाही असं काय आहे? मला वाटतं ते हे: रक्त टिकत नाही. तांबड्या पेशी थंड ठेवल्या तर फार तर सहा आठवडे, म्हणजे ४२ दिवस. प्लेटलेट्स साधारणपणे पाचच दिवस, आणि त्याही फ्रिजमध्ये नाही, २० ते २४ अंशांवर, सतत हलत्या ठेवून. प्लाझ्मा गोठवून ठेवला तर वर्षभर चालतो. तुम्ही हे रोज बघता, म्हणून तुम्हाला त्यात काही विशेष वाटत नाही. त्या मुलांच्या डोक्यात मात्र रक्तपेढी म्हणजे तिजोरी, एकदा भरली की भरलेली. तेव्हा तुमचं वाक्य असं काही होईल: ‘रक्त फार काळ साठवून ठेवता येत नाही, म्हणून ते एकदा देऊन भागत नाही.’ हे वाक्य कार्डाच्या डोक्यावर लिहा. भाषणातलं जे जे या वाक्याच्या कामाचं नाही ते गाळा, मग ते कितीही खरं आणि रोचक असो. रक्तगटांच्या शोधाचा इतिहास तुम्ही पानांवर लिहिला असेल तर तो जाईल. वाईट वाटेल, पण जाऊ द्या.

आपल्याला माहीत असलेलं समोरच्याला माहीत नाही, हे लक्षात ठेवणं फार कठीण असतं. एलिझाबेथ न्यूटन यांनी १९९० साली स्टॅनफर्डमध्ये केलेला एक प्रयोग मी प्रत्येक गटाला सांगते. काही जणांनी ओळखीच्या गाण्यांची चाल बोटांनी टेबलावर वाजवायची आणि समोरच्यांनी गाणं ओळखायचं. वाजवणाऱ्यांचा अंदाज होता की निम्मी गाणी ओळखली जातील. प्रत्यक्षात १२० पैकी ३ ओळखली गेली. वाजवणाऱ्याच्या डोक्यात पूर्ण गाणं चालू असतं; ऐकणाऱ्याला नुसती टकटक ऐकू येते. तुमच्या तोंडी ‘कंपोनंट’, ‘क्रॉसमॅच’, ‘युनिट’ हे शब्द दिवसभर असतात. तुमच्यासाठी ते गाणं आहे, त्या मुलांसाठी टकटक. शब्द टाळलेच पाहिजेत असं नाही. एखादा ठेवा, पण तो आधी दाखवा आणि मग त्याचं नाव सांगा.

दाखवणं म्हणजे काय, ते सांगते. तुमच्या पेढीत प्लेटलेट्सच्या पिशव्या ठेवायचं यंत्र असेल. त्याचे कप्पे रात्रंदिवस हळूहळू इकडून तिकडे हलत असतात. माझ्या मते तुमचं भाषण तिथून सुरू व्हावं. ‘आमच्या पेढीत एक यंत्र आहे, ते कधीच थांबत नाही. रात्री सगळे दिवे बंद केले तरी ते झुलत असतं. पाळण्यासारखं. त्यात पिवळसर रंगाच्या पिशव्या असतात. त्या झुलायच्या थांबल्या तर आतल्या पेशी एकमेकींना चिकटतील आणि निकामी होतील. आणि नुसत्या झुलवत ठेवल्या तरी त्या पाच दिवसांपेक्षा जास्त टिकत नाहीत.’ इथे थांबा. दोन सेकंद काहीच बोलू नका. मग म्हणा, ‘पाच दिवस.’

‘व्यासपीठावरील मान्यवर’ ही यादी शक्यतो एका वाक्यात संपवा. आणि ‘मी काही वक्ता नाही, सांभाळून घ्या’ हे तर म्हणूच नका. नम्रता म्हणून आपण ते म्हणतो, पण पहिल्याच वाक्यात तुम्ही श्रोत्यांना तुमच्या चुका मोजायला बसवता.

आता पाठांतराचं. सुरुवातीची चार-पाच वाक्यं आणि शेवटची दोन-तीन अक्षरशः पाठ करा, झोपेतून उठवलं तरी म्हणता येतील इतकी. मधलं पाठ करू नका. विन्स्टन चर्चिल तरुणपणी अख्खं भाषण पाठ करत. एप्रिल १९०४ मध्ये, २९ वर्षांचे असताना, ब्रिटिश संसदेत बोलता बोलता त्यांचा धागा सुटला. पुढचं वाक्य आठवेना, आणि शेवटी सभागृहाचे आभार मानून त्यांना खाली बसावं लागलं. त्यानंतर ते हातात टाचण असल्याशिवाय भाषण करत नसत. पाठ केलेलं भाषण साखळीसारखं असतं, एक कडी निखळली की पुढची हाती लागत नाही. मध्यासाठी साखळीऐवजी वाट हवी, वाटेवर तीन-चार थांबे हवेत, आणि ते एकामागून एक आपोआप यायला हवेत.

तुमच्या विषयात अशी वाट आयती आहे: एका पिशवीचा प्रवास. पहिला थांबा खुर्ची, जिथे मुलगा हात पुढे करून बसलाय. साधारण पाच लिटरपैकी ३५० किंवा ४५० मिलिलिटर जातात, दहा मिनिटांच्या आत-बाहेर. सुईची भीती आणि ‘अशक्तपणा येईल का’ हा प्रश्न इथेच उरकून टाका, कारण तो मनात असेपर्यंत मुलं दुसरं काही ऐकणार नाहीत. दुसरा थांबा सेंट्रिफ्यूज: पिशवी गरगर फिरते, जड तांबड्या पेशी तळाशी जातात, वर पिवळसर प्लाझ्मा राहतो, आणि एका पिशवीतून तीन वेगळ्या माणसांच्या उपयोगाच्या गोष्टी निघतात. तिसरा थांबा कपाटं, आणि त्यांवरच्या तारखा: पाच दिवस, सहा आठवडे, एक वर्ष. चौथा थांबा रात्री वाजलेला फोन. तुम्ही १२ वर्षं तिथे आहात, तेव्हा असा एक तरी फोन तुमच्या आठवणीत असणारच. रुग्णाचं नाव, गाव, ओळख पटेल असं काहीही सांगू नका. घड्याळात किती वाजले होते, कपाटात काय होतं आणि काय नव्हतं, एवढं सांगा. तिथून तुमच्या वाक्यावर या.

ही वाट विसरणं जवळजवळ अशक्य आहे, कारण पिशवी कुठून कुठे जाते हे तुम्हाला पाठ करावंच लागत नाही. प्रत्येक विषयाला इतकी सरळ वाट नसते हे खरं. कुणाला काळाच्या क्रमाने जावं लागतं, कुणाला अडचणीकडून उपायाकडे. पण ‘मुद्दा क्रमांक सात’ असं म्हणायची वेळ आली तर समजा की वाट सापडलेली नाही, नुसती यादी केली आहे.

टाचणासाठी पोस्टकार्डाएवढा जाड कागद घ्या. त्यावर पूर्ण वाक्यं नकोत: ‘यंत्र’, ‘खुर्ची’, ‘फिरते’, ‘५ दि. / ६ आठ. / १ वर्ष’, ‘फोन’, आणि शेवटचं वाक्य. अक्षर एवढं मोठं की हात खाली असतानाही दिसावं. जाड कागद अशासाठी की पातळ कागद हाताचा कंप दहापट करून दाखवतो आणि माईकजवळ फडफडतो.

आणि मग तोंडाने तालीम. उभं राहून, मोठ्याने, जितक्या आवाजात प्रत्यक्ष बोलणार तितक्या. मनात म्हटलेली तालीम मी तालीम धरत नाही. मनात प्रत्येक वाक्य गुळगुळीत असतं. आरशासमोरही नको. आरशात माणूस स्वतःकडे बघतो, आणि व्यासपीठावर नेमकं तेच सोडायचं असतं. फोनवर आवाज रेकॉर्ड करा. पहिलं रेकॉर्डिंग ऐकवणार नाही, स्वतःचा आवाज परका वाटेल. ते होतंच, कारण एरवी आपला आवाज आपण हवेतून ऐकतो तसा कवटीच्या हाडांतूनही ऐकतो, आणि रेकॉर्डिंगमध्ये तो दुसरा भाग नसतो. दोन दिवसांत सवय होते. मग ऐका: कुठे घाई झाली, कुठलं वाक्य तीनदा अडखळलं. जे वाक्य तिसऱ्यांदाही अडतं, ते मोडून दोन करा. ‘म्हणजे’, ‘काय आहे ना’, ‘तर’ किती वेळा आलं तेही कळेल. त्यांना बंदी घालून ती जात नाहीत, उलट जीभ जास्तच अडते. त्या जागी तोंड मिटायची सवय करा. तो क्षण तुम्हाला खूप लांब वाटेल, श्रोत्यांना तो श्वासाएवढाच असतो.

रोज अर्धा तास, असे आठ-दहा दिवस करा. आदल्या रात्री सलग पाच तास बसण्यापेक्षा हे कितीतरी जास्त टिकतं. दर वेळी मधली वाक्यं थोडी वेगळी येतील, येऊ द्या. थांबे तेच राहिले की झालं. वेगळ्या शब्दांत सात-आठ वेळा बोलून झालं की तुमच्याकडे प्रत्येक गोष्ट सांगायच्या सात-आठ तऱ्हा जमा होतात, आणि ऐन वेळी एक नाही सापडली तर दुसरी येते. २८ ऑगस्ट १९६३ रोजी वॉशिंग्टनमध्ये मार्टिन ल्यूथर किंग लिहून आणलेल्या मजकुरावरून बोलत होते. जवळच असलेल्या गायिका महालिया जॅक्सन यांनी ‘त्यांना त्या स्वप्नाबद्दल सांग’ अशी हाक दिली, आणि किंग कागद सोडून ‘माझं एक स्वप्न आहे’ म्हणत बोलू लागले. उत्स्फूर्तपणाचं उदाहरण म्हणून हे नेहमी सांगितलं जातं. पण ते स्वप्न त्यांनी त्याआधीही सांगितलं होतं, दोन महिने आधी डेट्रॉइटमध्येसुद्धा. लाखो लोकांसमोर ते आयत्या वेळी आलं, कारण ते आधी तोंडात बसलं होतं.

शेवटच्या दोन तालमी कुणासमोर तरी करा, आणि तो माणूस तुमच्या क्षेत्रातला नसावा. नंतर ‘कसं झालं?’ विचारू नका. ‘छान झालं’ म्हणतील. ‘तुला काय आठवतंय?’ असं विचारा. एका बालरोगतज्ज्ञांची मी तयारी करून घेत होते, विषय लसीकरण. त्यांनी घरी आपल्या चौदा वर्षांच्या मुलीसमोर भाषण केलं, वीस मिनिटांचं, तक्त्यांसकट. तिला काय आठवलं? ‘वीज गेली तेव्हा त्या सिस्टर रात्रभर फ्रिजपाशी बसल्या होत्या ना, दार कुणी उघडू नये म्हणून, ते.’ लसी २ ते ८ अंशांत ठेवाव्या लागतात, हे सांगताना त्यांनी अकराव्या मिनिटाला ते ओझरतं म्हटलं होतं. आम्ही तेच उचलून पहिल्या मिनिटात आणलं. त्या सिस्टर खुर्ची कुठे ओढून बसल्या, तापमापी कितीदा बघितली, सकाळी वीज आल्यावर त्यांनी पहिलं काय केलं, हे सगळं डॉक्टरांनी आठवून आठवून सांगितलं. तक्ते सहाचे दोन झाले. त्या दिवशी सभागृहात मी मागच्या रांगेत होते, आणि फ्रिजच्या दाराचा उल्लेख आला तेव्हा खुर्च्यांची करकर थांबलेली मी ऐकली आहे.

वेळेचं गणित: सभेत सावकाश बोललं की मिनिटाला साधारण शंभर ते सव्वाशे मराठी शब्द होतात. मिळालेली वेळ १५ मिनिटं असेल तर १२ ची तयारी करा. आणि हेही आधी ठरवून ठेवा, की आधीचा वक्ता लांबला आणि तुम्हाला आठच मिनिटं मिळाली तर कुठला थांबा गाळायचा. तुमच्या बाबतीत सेंट्रिफ्यूज. हे ठरलेलं नसलं की माणूस सगळंच दुप्पट वेगाने सांगायला जातो, आणि कुणालाच काही कळत नाही.

आता भीती. घसा कोरडा पडणं, हात कापणं, छाती धडधडणं हे शरीर तयारीला लागल्याचं लक्षण आहे. ॲड्रेनलीन वाढतं, स्नायूंकडे रक्त जातं, लाळ कमी होते. ही यंत्रणा धोक्यासाठी आहे, आणि दोनशे जोड डोळे आपल्यावर रोखलेले असणं हा शरीराला धोकाच वाटतो. अनुभवी वक्त्यांनाही हे होतं. मला आजही होतं. दोन गोष्टी इथे खरोखर उपयोगी पडतात. पहिली, तुमची भीती तुम्हाला जितकी जाणवते तितकी बाहेर दिसत नसते. सॅवित्स्की आणि गिलोविच या मानसशास्त्रज्ञांनी २००३ साली यावर प्रयोग प्रसिद्ध केले. आपली धाकधूक लोकांना दिसते आहे असं वक्त्यांना वाटत होतं, पण बघणाऱ्यांना ती तितकी दिसत नव्हती. आणि ही गोष्ट ज्यांना भाषणाआधी समजावून सांगितली, ते इतरांपेक्षा चांगलं बोलले. म्हणून ‘माझे हात कापताहेत’ असं कधीही बोलून दाखवू नका. जे कुणाला दिसलं नव्हतं ते तुम्हीच दाखवाल. दुसरी गोष्ट, स्वतःला ‘शांत हो’ म्हणू नका. २०१४ साली ॲलिसन वुड ब्रूक्स यांच्या अभ्यासात ‘मी शांत आहे’ म्हणणाऱ्यांपेक्षा ‘मला उत्साह वाटतोय’ म्हणणाऱ्यांची भाषणं सरस ठरली. धडधडतं हृदय क्षणात शांत करणं अवघड, पण तीच धडधड उत्सुकतेच्याही खूप जवळची आहे, तिला तिकडे वळवणं सोपं.

बाकी शरीराचं साधं असतं. नाव पुकारण्याआधी दोन-तीन मिनिटं श्वास लांब सोडत राहा, घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ द्या. साध्या पाण्याचे एक-दोन घोट घ्या. गुडघे ताठ आवळून धरू नका. चालत जाऊन उभे राहा, पाय टेकल्याची जाणीव होऊ द्या, एका चेहऱ्याकडे बघा, मग पहिला शब्द. भीतीचा जोर पहिल्या एक-दोन मिनिटांतच सर्वांत जास्त असतो. म्हणूनच सुरुवातीची वाक्यं झोपेत पाठ हवीत. यंत्र पाळण्यासारखं झुलायला लागेपर्यंत तुमची पट्टी लागलेली असेल.

कुणी तुम्हाला सांगेल की बोलण्याचा ५५ टक्के परिणाम देहबोलीचा, ३८ टक्के आवाजाचा आणि शब्दांचा फक्त ७ टक्के. कृपा करून यावर विसंबू नका. हे आकडे आल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७ च्या प्रयोगांतले आहेत. शब्द एक सांगताहेत आणि चेहरा-सूर दुसरंच, अशा वेळी बोलणाऱ्याची भावना माणूस कशावरून ओळखतो, एवढाच त्यांचा आवाका. भाषणातल्या आशयाशी त्यांचा संबंध नाही. या आकड्यांपायी लोक हातवारे शिकत बसतात आणि वाक्यांकडे दुर्लक्ष करतात, याची मला मनापासून चीड येते. हातांना मोकळं सोडा, ते आपलं काम करतात. नजरेचं मात्र एक शिका: सभागृहावर पंख्यासारखी फिरवू नका. एक वाक्य एका माणसाला पूर्ण सांगा, मग दुसऱ्या कोपऱ्यातल्या कुणाला पुढचं.

माईकबद्दल कुणी शिकवत नाही, आणि चांगली भाषणं तिथेच बुडालेली मी पाहिली आहेत. आदल्या दिवशी किंवा तासभर आधी जाऊन तो बघा. टकटक करू नका, फुंकर मारू नका, तुमचं पहिलं वाक्य त्यात बोला आणि कुणाला तरी मागच्या रांगेत उभं करून ऐकायला सांगा. तोंड आणि माईक यांत साधारण चार बोटं ते एक वीत अंतर, आणि माईक तोंडाच्या अगदी समोर नको, किंचित हनुवटीकडे. प, फ, ब, भ म्हणताना ओठांतून हवेचा झोत सुटतो आणि समोर धरलेल्या माईकमध्ये तो धप्पकन आदळतो. ‘प्लेटलेट्स’, ‘पेढी’, ‘पिशवी’, ‘पेशी’: तुमचं अर्धं भाषण ‘प’ने सुरू होतं! शिट्टी वाजायला लागली तर माईकची जाळी मुठीत झाकू नका, त्याने ती वाढते. स्पीकरच्या समोरून बाजूला व्हा. स्टँडवरचा माईक तुमच्या उंचीला नसेल तर बोलायला लागण्याआधी शांतपणे खाली-वर करून घ्या. वाकून पंधरा मिनिटं काढू नका.

स्लाइड्स मला तुमच्यासाठी नको वाटतात. पडदा आला की मुलं पडद्याकडे बघतात आणि तुम्हीही मान वळवून वाचायला लागता. त्याऐवजी रक्ताची रिकामी पिशवी बरोबर न्या. खुर्चीच्या थांब्यावर ती वर धरा, ‘एवढं’ म्हणा, आणि खाली ठेवून द्या. हातात ठेवलीत तर पुढची पाच मिनिटं लोक तिच्याकडेच बघतील.

मध्येच सगळं पुसलं गेलं तर? थांबा. नुकतंच बोललेलं वाक्य पुन्हा एकदा, सावकाश म्हणा. ऐकणाऱ्याला वाटतं जोर देताय. तेवढ्यात कार्डावर नजर टाका. तिथे एकच शब्द असेल, तो पुरतो. ‘सॉरी, विसरले’ किंवा ‘विसरलो’ म्हणायची काही गरज नाही.

प्रश्नोत्तरं असतील तर प्रत्येक प्रश्न माईकवर पुन्हा म्हणा, मागच्यांना तो ऐकू गेलेला नसतो आणि तुम्हालाही विचार करायला दोन श्वास मिळतात. उत्तर माहीत नसेल तर तसं सांगा. रक्तासारख्या विषयात अंदाजाने दिलेलं उत्तर कुणाला तरी महागात पडू शकतं. आणि तुमचं शेवटचं वाक्य प्रश्नांच्या आधी खर्च करू नका. आयोजकांना आधीच सांगून ठेवा की प्रश्न संपल्यावर मला अर्धं मिनिट हवं. नाहीतर सभेचा शेवट ‘चहा घेऊन आलो तर रक्त देता येतं का’ या प्रश्नावर होतो, आणि मुलं तेच घेऊन घरी जातात.

आज रात्री एवढंच करा: फोनचं रेकॉर्डिंग चालू करा, उभे राहा, आणि त्या झुलणाऱ्या यंत्राबद्दल दोन मिनिटं बोला, पानांकडे न बघता. अडखळाल, चालेल. उद्या पुन्हा. आणि पेढीत सांगून ती रिकामी पिशवी आत्ताच मागून ठेवा. मुदत उलटलेली, न वापरलेली असली तरी चालेल.